आपणच आपल्या वाटेत आडवे येतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कराड, सांगली, मिरज, तासगाव या पट्ट्यातून भरतीची आणि स्पर्धा परीक्षेची मुलं, नोकरदार, शेतकरी आणि आईवडील स्वतःच स्वतःला अडवण्याबद्दल आणि त्यामागच्या भावना हाताळण्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एक मुद्दा एकदाच सांगितला आहे. गरज पडेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्वतःच स्वतःचं काम बिघडवणं म्हणजे आळसच ना?

नाही. आळशी माणसाला ते काम नकोच असतं, त्यामुळे न केल्याचं त्याला फारसं काही वाटत नाही. इथे काम हवं असतं, कसं करायचं ते ठाऊक असतं, वेळही असतो. तरी नेमक्या वेळी हात दुसरीकडे वळतो आणि नंतर जीव जळतो. शेवटची तारीख माहीत असून फॉर्म राहतो, मुलाखतीच्या आदल्या रात्री जागरण होतं, बरी चाललेली भागीदारी एका फालतू वादात मोडते. तसाच प्रसंग आला की तसंच वागणं, हे तीन-चार वेळा झालं असेल तर लक्ष द्या. एकदाच झालं असेल तर ती साधी चूक समजा.

२. नुकसान होणार हे कळत असताना माणूस असं का वागतो?

कारण त्या क्षणी सुटका मिळते. पुस्तक उघडलं की मागच्या वेळचा कट-ऑफ आठवतो, पोटात गोळा येतो. मोबाईल हातात घेतला की गोळा जातो. मेंदू एवढंच लक्षात ठेवतो की मोबाईल घेतला आणि बरं वाटलं. दहा-वीस वेळा असं झालं की विचार करायच्या आत हात तिकडे जाऊ लागतो. फ्युशा सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हेच मांडलं: चालढकलीचा संबंध वेळेच्या नियोजनापेक्षा नकोशा भावनेपासून पळण्याशी जास्त आहे. म्हणून नुसतं वेळापत्रक भिंतीवर लावून फरक पडत नाही.

दुसरं कारण अब्रूचं. स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स यांनी १९७८ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना मुळात न सुटणारी कोडी दिली आणि तरी ‘छान सोडवलीत’ म्हणून सांगितलं. पुढच्या चाचणीआधी दोन औषधांतलं एक निवडायचं होतं, एक डोकं तल्लख करणारं आणि एक मंद करणारं. आपण कशामुळे पास झालो हेच ज्यांना कळलं नव्हतं, त्यांच्यातल्या मुलांनी मंद करणारं औषध जास्त निवडलं. मुलींमध्ये हा कल दिसला नाही. नापास झालं तर दोष औषधाचा, पास झालं तर कौतुक दुप्पट. ‘अभ्यासच केला नव्हता, नाहीतर निघाली असती’ या वाक्यामागे हाच हिशेब असतो.

३. भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे मनावर दगड ठेवायला शिकणं का?

उलट आहे. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये ही कल्पना मांडली आणि पुढे तिचे चार भाग केले: भावना ओळखणं, तिचा विचारासाठी उपयोग करणं, ती कशातून आली आणि कुठे जाईल हे समजणं, आणि ती हाताळणं. दाबून टाकणं यात कुठेच नाही. दाबलेला राग संध्याकाळी पोरांवर निघतो, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही.

४. ‘वही लिहा’ असं सगळेच सांगतात. पण वहीत नेमकं काय लिहायचं?

रोजनिशी लिहायची नाही. शंभर पानी साधी वही घ्या, पान आडवं धरून पाच रकाने आखा आणि १४ दिवस फक्त टाळाटाळीच्या नोंदी करा:

वेळ | काय करायचं होतं | शरीरात काय झालं (० ते १०) | त्याऐवजी काय केलं | लगेच काय सुटलं

एक नोंद अशी दिसेल: रात्री ९.१० | सराव प्रश्नपत्रिकेतली पहिली २५ गणितं | खांदे ताठ, पोटात खळबळ, ६ | मोबाईल, ५० मिनिटं | किती येत नाही हे कळायचं टळलं.

पाचवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच लोक कोरा सोडतात. ‘काहीच सुटलं नाही, उलट नुकसान झालं’ असं तिथे लिहू नका. नुकसान नंतरचं आहे. पहिल्या पाच मिनिटांत काय हलकं झालं ते लिहा.

एक नोंद दोन मिनिटांच्या वर जाता कामा नये आणि ती त्याच दिवशी व्हायला हवी. रविवारी बसून आठवड्याच्या नोंदी भरल्या की आठवण स्वतःच्या सोयीने लिहिते. स्वतःला शिव्या घालू नका, कारण तसं झालं की चौथ्या दिवशी वहीच टाळली जाते. आणि वही घरच्यांच्या हाती लागेल अशी भीती असेल तर मोबाईलमध्ये पासवर्डखाली ठेवा. त्या भीतीने खोटं लिहिलं जातं.

चौदा दिवसांनी पाचवा रकाना वरून खाली वाचा. बहुतेकांच्या वहीत दोनच गोष्टी आलटून पालटून दिसतात: ‘मला येत नाही हे उघड होईल’ किंवा ‘कुणीतरी नाराज होईल’. ज्या दिवशी टाळलं नाही, त्या दिवसाचीही नोंद करा. त्या दिवशी वेगळं काय होतं, हे पुढे प्रश्न ६ मधल्या योजनेत कामाला येतं.

५. मला काय वाटतंय तेच कळत नाही. सगळंच टेन्शन वाटतं. मग कसं लिहू?

शरीरापासून सुरुवात करा. जबडा आवळलाय का, घसा दाटलाय का, तळहात ओले आहेत का, पाय जड झालेत का? हे लिहायला भावनेचं नाव लागत नाही.

आठवडाभर झाला की एकेक नाव लावून पाहा. धाकधूक, धास्ती, लाज, ओशाळलेपण, चीड, वैताग, मत्सर, खंत, अपराधीपणा, कंटाळा, हिरमोड. बसेल ते ठेवा, बसत नसेल तर दुसरं घ्या. याचा उपयोग असा की प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. धास्ती असेल तर काम लहान करायचं. लाज असेल तर एका विश्वासाच्या माणसाला सांगायचं. मत्सर वाटत असेल तर त्या माणसाकडे असलेलं नेमकं काय आपल्याला हवंय ते शोधायचं. कंटाळा असेल तर जागा किंवा वेळ बदलायची. टेन्शन म्हणून सगळं एकत्र बांधलं की उपायही एकच उरतो, चहा.

भावनेला नाव देण्यानेही थोडी धार जाते. मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या अभ्यासात चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द देताना मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी झालेली दिसली.

६. भावना कळली. आता त्या क्षणी करायचं काय?

आधी श्वास. चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. अंक सावकाश मोजले तर मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. दोन मिनिटं पुरतात. सोडायचा श्वास लांब असायला हवा. भराभर खोल श्वास घेतले तर चक्कर येते आणि घबराट वाढते.

मग मनात एक वाक्य: ‘मला धास्ती वाटतेय, कारण पेपर तपासला की कमी मार्क दिसतील.’ भावना आणि कारण, दोन्ही.

आणि मग आधीच ठरवून ठेवलेली जर-तर योजना. पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये तिची मांडणी केली आणि पुढे बऱ्याच अभ्यासांत नुसत्या निश्चयापेक्षा ती सरस ठरली. उदाहरण: ‘जर रात्री टेबलाशी बसल्यावर हात मोबाईलकडे गेला, तर तो कपाटावर ठेवून मी पहिलं गणित वहीत उतरवून घेईन.’ सोडवेन नव्हे, उतरवून घेईन. पहिली कृती दोन मिनिटांत होणारी आणि अपयश येणंच शक्य नाही इतकी सोपी असावी.

योजना फसते ती ठरलेल्या जागी फसते. ‘वेळ मिळाला तर’ ही खूण होत नाही. खूण डोळ्यांना दिसणारी किंवा शरीराला जाणवणारी हवी. ‘मोबाईल बघणार नाही’ असं नकारी वाक्य लिहिलं तर डोक्यात मोबाईलच राहतो, म्हणून काय करणार ते लिहा. एका वेळी एकच योजना, फार तर दोन. पहिल्या उत्साहात सात योजना लिहिणारे आठवड्यात सातही सोडतात.

७. चार दिवस जमलं, पाचव्या दिवशी बंद पडलं. पुन्हा पहिल्यापासून मोजायचं का?

नको. फिलिपा लॅली यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ पर्यंत लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे जे गणित सगळीकडे फिरतं ते विसरा. चुकलेल्या दिवसानंतरचा दिवस मात्र सांभाळा: त्या दिवशी काम निम्मं करा, पण वेळ आणि जागा तीच ठेवा.

८. चालढकल झाली तर स्वतःला माफ करा, असं सांगतात. मग सूटच मिळाली की!

ही शंका रास्त आहे. मायकल वोल, पिचिल आणि बेनेट यांच्या २०१० च्या अभ्यासात पहिल्या परीक्षेच्या वेळी चालढकल केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. कारण सोपं आहे. स्वतःचा राग हीसुद्धा नकोशी भावनाच आहे, आणि तिच्यापासून पळायलाही माणूस मोबाईलच उचलतो.

माफी आणि सूट यातला फरक तपासायला तीन वाक्यं लिहून पाहा. काय घडलं (‘तीन दिवस चाचणी दिली नाही’). त्याचा भार कुणावर पडला (‘माझ्यावर, आणि फी भरणाऱ्या आबांवर’). पुढची कृती कधी (‘उद्या सकाळी ७ वाजता पहिले १० प्रश्न’). तिन्ही लिहिता आली तर ती माफी. पहिल्या वाक्यातच ‘पण लाईट गेली होती’ आलं तर सूट.

९. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीच्या आठवड्यात मी दरवेळी पाय दुखावून घेतो. नशीब की काय?

एकदा असेल तर नशीब. दरवेळी असेल तर शेवटच्या सात दिवसांचं पळणं लिहून काढा. भीती वाटते म्हणून मुलं त्या आठवड्यात रोज घड्याळ लावून १६०० मीटर पळतात, मुली ८०० मीटर. वर कुणाचं तरी ऐकून अजिंक्यताऱ्याचा किंवा यवतेश्वरचा चढ. दुखलं की मग कारण हाताशी असतं (प्रश्न २ मधला दुसरा भाग).

शेवटच्या आठवड्यात एकूण पळणं निम्म्यावर आणा. घड्याळ लावून जोरात एकदाच, चाचणीच्या तीन-चार दिवस आधी. आदल्या दिवशी फक्त चालणं आणि हलकं ताणणं. नवे बूट, नवी पावडर, मित्राने सुचवलेलं इंजेक्शन, काहीही नवं नको. नडगीवर एकाच बिंदूला दाबून दुखत असेल आणि बसल्या जागीही ठणकत असेल तर ते हाड असू शकतं. तिथे मनाचे उपाय चालत नाहीत, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

१०. नोकरी लागायची वेळ आली की मीच माघार घेतो. घरात शिकलेला मी पहिलाच आहे. याचा काही संबंध असेल?

असू शकतो, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली तेव्हापासून या भागात घरातला पहिला शिकलेला माणूस ही नवलाई राहिलेली नाही. ‘कमवा आणि शिका’ करून पिढ्या शिकल्या. पण शिकण्यासाठी कुणीतरी मागे राहिलेलं असतं. धाकट्याने शाळा सोडून ऊसतोडीचा हिशेब धरला, बहिणीचं लग्न लवकर उरकलं, आईने म्हैस विकली. मुलाखतीचं पत्र हातात आलं की आनंदासोबत अपराधीपणा येतो, आणि मुलाखत हुकवली की तो हलका होतो. आपण पुन्हा सगळ्यांसारखे होतो.

हे सहसा भीतीसारखं दिसत नाही, म्हणून ओळखू येत नाही. खूण अशी: नापास झाल्यावर दुःखाआधी एक क्षण मोकळं वाटतं. वहीच्या पाचव्या रकान्यात ‘आता घरी राहता येईल’ सारखी वाक्यं येतात.

करायचं काय? ज्या माणसाचं देणं वाटतं त्याच्याशी प्रत्यक्ष बोला. गृहीत धरू नका. ‘दादा, तुझं शिक्षण माझ्यामुळे थांबलं, याचं मला वाईट वाटतं’ एवढं वाक्य पुरतं. बहुतेकदा समोरून अपेक्षेपेक्षा वेगळं उत्तर येतं. राग आला तरी तो खरा राग असतो, मनात वाढवलेला नव्हे. मग परतफेडीला आकार द्या: पहिल्या वर्षी महिन्याला अमुक रक्कम, किंवा पुतण्याची फी. ठरलेला आकडा फेडता येतो. न ठरलेलं देणं जन्मभर पुरतं, आणि मग नोकरी लागल्यावरही पगार हातात टिकत नाही, हीच गोष्ट पुढच्या रूपात सुरू राहते.

११. घरचे स्थळं आणतात, मी प्रत्येकात खोट काढते. मी स्वतःचंच नुकसान करतेय का?

आधी बघा, तुम्हाला लग्न आत्ता हवंय का? नको असेल तर खोट काढणं हा फक्त नकार सांगायचा आडवळणी मार्ग आहे. सरळ सांगायचं कसं, हा तिथला खरा प्रश्न. हवं असेल, तर पुढचं स्थळ येण्याआधी तीन अटी लिहून ठेवा, ज्या मोडल्या तर नकारच. स्थळ पाहिल्यावर चौथी, पाचवी, सहावी अट उगवत असेल आणि ती नेमकी बोलणी जुळत आल्यावरच उगवत असेल, तर थांबून प्रश्न ५ प्रमाणे भावनेचं नाव शोधा. हुंडा, व्यसन, लपवलेली माहिती यावरून दिलेला नकार यात मोडत नाही. तो शहाणपणाचा नकार.

१२. बँकेचं पत्र उघडत नाही, द्राक्षाच्या फवारणीची वही महिनोन्‌महिने भरत नाही. शेतकऱ्यालाही हे लागू होतं का?

पुरेपूर. निर्यातीची बाग असेल तर नोंदणी आणि फवारणीची नोंद लागतेच: तारीख, औषध, प्रमाण, काढणीपूर्व कालावधी (फवारणी आणि काढणी यांमध्ये सोडायचे दिवस). हंगामाच्या शेवटी एकदम भरायला बसलं की तारखा जुळत नाहीत आणि बाग चांगली असूनही माल निर्यातीबाहेर राहतो. वही औषधांच्या खोलीच्या दाराला दोरीने पेन बांधून टांगा आणि जर-तर योजना लावा: ‘फवारणीचा ब्लोअर धुवून झाला की हात पुसून एक ओळ.’ बँकेच्या पत्रासाठी दोन टप्पे करा: एका दिवशी फक्त उघडून रक्कम आणि तारीख लिहायची, दुसऱ्या दिवशी शाखेत जायचं. दोन्ही एकाच दिवशी करायचं ठरवलं की पत्र पुन्हा कपाटात जातं.

हळदीचं वेगळं. चांगला भाव यायची वाट बघत माल ठेवणं हा निर्णय आहे. भाव पडला म्हणून तुम्ही स्वतःला अडवलंत असं होत नाही. मात्र ‘इतका भाव आला की देणार’ असं आधी लिहिलंय, तो भाव आला, तरी पोतं हललं नाही, आणि हे दर हंगामाला होतंय, तर वही काढा.

१३. मुलगा अभ्यासिकेत जातो, पण सराव चाचणी देत नाही. आम्ही काय बोलावं?

‘किती मार्क पडले?’ हा प्रश्न महिनाभर बंद करा. चाचणी न देण्यामागे मार्क दिसण्याचीच धास्ती असते आणि घरातला प्रत्येक प्रश्न ती वाढवतो. त्याऐवजी ‘आज कुठे अडलं?’ असं विचारा आणि उत्तरावर सल्ला देऊ नका. शेजारच्या मुलाचं उदाहरण तर नकोच. ते त्याला तोंडपाठ आहे. मार्क न मोजता २० प्रश्नांची चाचणी, मग मार्क मोजून २०, मग ५०, मग पूर्ण पेपर, असा महिन्या-दीड महिन्याचा चढ त्याला सुचवा. चिडचिड, झोप, जेवण यांत मोठा बदल दिसत असेल तर प्रश्न १६ पाहा.

१४. प्रेरणादायी व्हिडिओ पाहिले तर चालतील का?

काम सुरू करण्याआधी नकोत. पाहताना काम केल्यासारखंच वाटतं, म्हणजे तीही सुटकाच झाली. नवीन वही, रंगीत पेन, तक्ते आखणं यालाही हेच लागू. काम झाल्यावर हवे तेवढे पाहा.

१५. घरात जागा नाही, पैसा नाही, सासरी पुस्तक उघडलं की टोमणे. तरी सगळा दोष माझाच का?

अजिबात नाही. एका खोलीत सहा माणसं, कृष्णेच्या पुराने दोनदा धुतलेलं दुकान, जातीवरून मिळालेली वागणूक, घरातली मारहाण, यांना स्वतःला अडवणं म्हणणं हा अन्याय आहे. तपासायचा प्रश्न असा: अडथळा उद्या हटला, तर काम होईल का? आठवडाभर माहेरी किंवा मित्राच्या खोलीवर काम सुरळीत झालं, तर दोष परिस्थितीचा. मेहनत जागा, वेळ, पैसा मिळवण्यावर घाला. तिथेही तीच टाळाटाळ झाली, तर परिस्थिती आणि सवय दोन्ही आहेत. मारहाण होत असेल तर ही सगळी पद्धत बाजूला ठेवा आणि आधी सुरक्षित व्हा; महिलांसाठी १८१ ही हेल्पलाईन आहे.

१६. हा आजार तर नाही ना? डॉक्टरांकडे कधी जायचं?

दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास, आवडीच्या गोष्टीही नकोशा, झोप-भूक बिघडलेली, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं आणि वही लिहून ते जात नाही. सतत थकवा असेल तर थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. मनाचा दोष म्हणून रक्ताची कमतरता अंगावर काढणारे बरेच आहेत, विशेषतः बायका. लक्ष न टिकणं, वस्तू हरवणं, अर्धवट कामं हे बारा वर्षांच्या आधीपासून असेल तर एडीएचडीची (लक्ष न टिकण्याच्या विकाराची) तपासणी करून घ्या.

दारूची गोष्ट वेगळी. महत्त्वाच्या दिवसाआधी पिणं हा स्वतःला अडवण्याचा प्रकार असू शकतो, पण रोज भरपूर पिणाऱ्याने निश्चय करून एकदम सोडू नये. दोन-तीन दिवसांत थरथर, भास, झटके येऊ शकतात. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. साताऱ्यात परिवर्तन ही संस्था व्यसनमुक्तीचं काम करते.

साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय किंवा मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथल्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. टेलिमानस, १४४१६, हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर वाट पाहू नका. आत्ता फोन करा आणि घरातल्या एका माणसाला शेजारी बसवून ठेवा.